श्रावणी पौर्णिमेचे ग्रहण आणि पाटणचा मठ

१/
शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा. चंद्राला ग्रहण लागले आहे. खानदेशातील पाटण नगरीत निकुंभ कुळातील राजा सोइदेव दानाचा संकल्प सोडतो आहे. ग्रहणकाळी दान करावे ही त्या काळाची रीतच होती, त्यात नवल नाही. नवल आहे ते दान कोणाला मिळाले याचे. ते मिळाले एका मठाला. त्या मठात जे ग्रंथ शिकवले जाणार होते, त्यांत स्पष्ट लिहिले होते की चंद्राला कोणी गिळत नाही. तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो. आजचा धागा त्या रात्रीविषयी आणि त्या सावलीविषयी.

२/
प्रथम स्थळ पाहू. साक्रीहून पूर्वेला धुळे, तेथून आग्नेयेला चाळीसगाव, आणि चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगरकुशीत पाटण. आज आपण त्याला पाटणादेवी म्हणून ओळखतो. देवीचे मंदिर, पावसाळ्यातील धबधबे आणि गौताळा अभयारण्य यांसाठी लोक तेथे जातात. बाराव्या-तेराव्या शतकात मात्र ते नांदते नगर होते. देवगिरीच्या यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ तेथून राज्य करीत. साक्री तालुक्यातील बळसाणे येथील कोरीव मंदिरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना त्या मध्ययुगीन खानदेशाच्या वैभवाची कल्पना सहज येईल.

३/
पुढे हे नगर ओस पडले आणि त्याची आठवणही पुसली गेली. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे नामवंत वैद्य आणि प्राच्यविद्यापंडित डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तेथील भवानीच्या मंदिरातील शिलालेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांच्या कालनिर्णयावरील त्यांचा लेख १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात या लेखाची माहिती आली. पुढे जर्मन संस्कृतज्ञ फ्रान्झ कीलहॉर्न यांनी त्याचे ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादन केले. प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण यांची सांगड घालून आलेली तारीख आहे ९ ऑगस्ट १२०७.

४/
ही तारीख निघाली कशी, हेच मुळात लक्षात घेण्यासारखे आहे. राजे येतात-जातात, शक मोजण्याच्या पद्धती बदलतात, कोरणाऱ्याच्या हातून चूकही होते. ग्रहणाला मात्र पाठीमागे मोजत जाता येते. आठशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या रात्री चंद्र पृथ्वीच्या सावलीत होता की नव्हता, हे आज गणिताने सांगता येते. म्हणूनच ज्या दानपत्रात ग्रहणाचा उल्लेख असतो, ते इतिहासकाराला विशेष मोलाचे वाटते. दात्याने पुण्यासाठी निवडलेला मुहूर्त आपल्याला पुराव्यासारखा उपयोगी पडतो.

५/
लेखात एका घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चांगदेव अशा या नऊ पिढ्या. यांतील सातवे नाव म्हणजे ‘सिद्धान्तशिरोमणी’चे कर्ते भास्कराचार्य. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल पाटणहून आपल्याकडे घेऊन गेला व त्याने त्याला पंडितांचा अग्रणी केले. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ लोकांत पसरावेत म्हणून पाटणला मठ काढला तो याच चांगदेवाने. भास्कराचे आणि त्याच्या वंशजांचे ग्रंथ या मठात अवश्य शिकवले जावेत, असा आदेशच त्याने दगडावर कोरून ठेवला.

६/
लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. कारण उघड आहे. स्तुती पंडितांसाठी होती, पण पैसा ज्यांच्याकडून यायचा त्या व्यापाऱ्यांना व तेल्यांना नियम समजायला हवे होते. बाजारात विक्रीस निघणाऱ्या मालावरील जो कर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळे, तो मठाला दिला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळीपळी तेल. माल मोजायचा तो मठाच्या मापाने, आणि मापाईतील निम्मा वाटा मठाचा, निम्मा मोजणाऱ्याचा. मराठीच्या आरंभीच्या कोरीव लेखांत या ओळींची गणना होते.

७/
क्षणभर थांबून हे चित्र डोळ्यांपुढे आणा. आपल्या भाषेच्या अगदी पहाटेच्या काळात, खानदेशातील एका पेठेत, घाण्यावरचे पळीभर तेल खगोलशास्त्राच्या शाळेसाठी बाजूला काढले जात आहे. तेल देणाऱ्या तेल्याने ‘गोलाध्याय’ वाचला नसणार. पण त्याच्या घाण्यावाचून तो शिकवलाही गेला नसता. सोइदेवापाठोपाठ त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही मठाला साहाय्य केले. राजाश्रय आणि बाजाराचा वाटा, असे या शाळेचे दोन आधार होते.

८/
आता त्या शाळेत शिकवले काय जाई ते पाहू. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४चा. आपण सह्याद्रीच्या पायथ्याच्या नगरीतले आणि आपले गुरू म्हणजे आपले पिता महेश्वर, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. ११८३च्या सुमारास पंचांगाच्या कामासाठी ‘करणकुतूहल’ हा सोपा ग्रंथ लिहिला. ग्रहण केव्हा, किती व कसे दिसेल याची रीत ग्रहगणितात आहे. ते तसे का दिसते याची मीमांसा गोलाध्यायात आहे.

९/
गोलाध्यायातील युक्तिवाद साध्या निरीक्षणावर उभा आहे. सूर्यग्रहणात सूर्याची पश्चिमेकडील कड आधी झाकली जाते, तर चंद्रग्रहणात चंद्राची पूर्वेकडील. असे का व्हावे? ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्र सूर्यापेक्षा वेगाने पूर्वेकडे सरकतो. तो मागून, म्हणजे पश्चिमेकडून येऊन ढगासारखा सूर्याला झाकतो, म्हणून सूर्याची पश्चिम कड आधी जाते. चंद्रग्रहणात मात्र चंद्र स्वतःच पूर्वेकडे चालत सावलीत शिरतो, म्हणून त्याचीच पुढची, पूर्वेची कड आधी काळवंडते. एकच राक्षस दोघांना गिळत असता, तर हा दिशाभेद कशाला उरला असता?

१०/
दुसरा पुरावा शिंगांचा. ग्रहण अर्धे लागले की उरलेल्या तेजस्वी कोरीला दोन टोके येतात. सूर्यग्रहणात ती टोके तीक्ष्ण दिसतात, चंद्रग्रहणात बोथट. झाकणारी वस्तू जवळजवळ झाकल्या जाणाऱ्या बिंबाएवढी असेल तर टोके अणकुचीदार होतात. ती पुष्कळ मोठी असेल तर बोथट. शिवाय चंद्रग्रहण दीर्घकाळ चालते, सूर्यग्रहण लवकर सुटते. म्हणून भास्कराचार्य निष्कर्ष काढतात की चंद्राला झाकणारी वस्तू मोठी आहे आणि सूर्याला झाकणारी लहान. म्हणजे त्या दोन वस्तू निराळ्या आहेत. पहिली पृथ्वीची सावली, दुसरा स्वतः चंद्र.

११/
तिसरा मुद्दा पाहणाऱ्याच्या जागेचा. चंद्रग्रहण चालू असताना चंद्र ज्यांच्या क्षितिजावर आहे, त्या सर्वांना ते सारखेच दिसते, कारण चंद्रावर खरोखरच अंधार पडलेला असतो. सूर्यग्रहण मात्र एका गावी खग्रास, दुसऱ्या गावी खंडग्रास, तर तिसऱ्या गावी मुळीच नाही. चंद्र आपल्याला सूर्यापेक्षा फार जवळ आहे, म्हणून जागा बदलली की तो सूर्यासमोरून किंचित बाजूला सरकलेला दिसतो. या सरकण्याला आपल्या ग्रंथांत ‘लंबन’ आणि ‘नति’ अशी नावे आहेत. बोट डोळ्यांसमोर धरून एकदा उजवा, एकदा डावा डोळा मिटून पाहा. लंबन तुमच्या बोटावरच दिसेल.

१२/
मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाशी किंचित कलता आहे म्हणून. हा कल आपल्या सिद्धान्तग्रंथांत २७० कला, म्हणजे साडेचार अंश मानला आहे. आजच्या मोजणीने तो सुमारे ५ अंश ९ कला भरतो. हे दोन मार्ग एकमेकांना जेथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे ‘पात’. पंचांगातील राहू आणि केतू ते हेच. पौर्णिमेचा चंद्र पाताच्या जवळ असेल तरच तो सावलीत सापडतो; एरवी तिच्या वरून किंवा खालून निसटतो. हे पातही स्थिर नसतात. ते उलट दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. पुराणातल्या राक्षसाचे येथे गणितातल्या बिंदूत रूपांतर झाले आहे.

१३/
आता थोडे गणित करू. दिव्यासमोर चेंडू धरा. दिवा चेंडूपेक्षा मोठा असेल तर सावली दूर जाता जाता निमुळती होत जाते. सूर्य हा दिवा, पृथ्वी हा चेंडू. सिद्धान्तशिरोमणीतील माने अशी : पृथ्वीचा व्यास १,५८१ योजने, चंद्राचा ४८०, सूर्याचा ६,५२२, चंद्राचे अंतर ५१,५६६ योजने आणि सूर्याचे ६,८९,३७७. प्रश्न असा की चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची सावली केवढी रुंद असेल? लीलावतीतील त्रैराशिक येत असेल त्याला हे उत्तर काढता येते.

१४/
सूर्य व पृथ्वी यांच्या व्यासांतील फरक ४,९४१ योजने. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या ६,८९,३७७ योजनांत एवढी घट होते, तर पृथ्वीपासून पुढे ५१,५६६ योजनांत किती? उत्तर सुमारे ३७०. ती पृथ्वीच्या व्यासातून वजा केली की सावलीची रुंदी १,२११ योजने उरते. तिला चंद्राच्या ४८० योजनांनी भागा. सावली चंद्राच्या सुमारे अडीचपट भरते. आता हेच गणित आजच्या किलोमीटरांत करा : सूर्याचा व्यास १३,९२,०००, पृथ्वीचा १२,७४२, चंद्राचा ३,४७४, अंतरे १४,९६,००,००० आणि ३,८४,४००. सावली ९,२०० किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे चंद्राच्या सुमारे २.६५ पट.

१५/
हे कागदावरचे झाले. आकाशात ताडून पाहू. ७ सप्टेंबर २०२५ रोजी, भाद्रपद पौर्णिमेला, भारतातून दिसणारे खग्रास चंद्रग्रहण झाले. रात्री ९.५७ला चंद्र गडद सावलीला टेकला, ११.०१ला पूर्ण आत गेला, आणि १.२६ला पूर्ण बाहेर आला. स्वतःच्या व्यासाएवढे अंतर आत शिरायला त्याला ६४ मिनिटे लागली, तर संपूर्ण प्रवासाला २०९ मिनिटे. २०९ला ६४ने भागले की ३.२७ येतात. त्यातून चंद्राचा स्वतःचा एक व्यास वजा केला की सावली किमान सव्वादोनपट ठरते. चंद्र त्या रात्री सावलीच्या ऐन मध्यातून न जाता थोड्या बाजूने गेला होता. तो तिरपेपणा हिशेबात धरला की आकडा अडीचच्या पुढे सरकतो. हातात घड्याळ असले की एवढे घरच्या गच्चीवरूनही मोजता येते.

१६/
येथवर वाचून कोणाची छाती अभिमानाने फुलली असेल, तर आता दुसरी बाजूही पाहू. सूर्याचे अंतर भास्कराचार्यांच्या ग्रंथात पृथ्वीच्या ४३६ व्यासांइतके आहे. प्रत्यक्षात ते सुमारे ११,७४० व्यास आहे. म्हणजे चूक २७ पटींची. सूर्य पृथ्वीच्या चौपट व्यासाचा मानला आहे. तो १०९ पट आहे. चूक पुन्हा जवळजवळ तेवढीच. मग सावलीचे उत्तर बरोबर कसे आले? दोन्ही चुका सारख्याच प्रमाणात असल्याने एकमेकींना खोडून काढतात. आकाशात सूर्य केवढा दिसतो, म्हणजे सुमारे अर्धा अंश, हे मान बरोबर होते. आणि सावली ठरते ती मुख्यतः त्या कोनावरून.

१७/
ही चूक आली कोठून? ६,८९,३७७ला ५१,५६६ने भागा. उत्तर येते १३.३७. आता वर्षाच्या ३६५.२६ दिवसांना चंद्राच्या नक्षत्रप्रदक्षिणेच्या २७.३२ दिवसांनी भागा. पुन्हा १३.३७. हा योगायोग नव्हे. सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात, असे सिद्धान्तपरंपरेने गृहीत धरले होते. त्यामुळे ज्याला फेरीस जितके पट अधिक दिवस, तो तितके पट अधिक दूर. चंद्राचे अंतर लंबनावरून ताडून पाहता येत होते, म्हणून ते खऱ्याच्या जवळ आले : ग्रंथात पृथ्वीच्या ३२.६ व्यासांइतके, आज ३०.२. सूर्याचे लंबन डोळ्यांना जाणवण्याइतके मोठे नसते, म्हणून तेथे गृहीतक तसेच राहिले. जेथे मोजता आले तेथे हे शास्त्र खरे उतरले. जेथे मोजता आले नाही तेथे ते चुकले.

१८/
भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी गुरुत्वाकर्षण शोधले, असे संदेश तुमच्याही मोबाइलवर आले असतील. त्यात अर्धे सत्य आहे. पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि ती आकाशातील जड वस्तू आपल्याकडे ओढते, असे गोलाध्यायात खरोखरच म्हटले आहे. पण ती ओढ अंतरागणिक किती कमी होते, तीच ओढ चंद्राला फिरवत ठेवते का, याचे गणित तेथे नाही. त्यांच्या विश्वात पृथ्वी मध्यभागी स्थिर आहे. जे त्यांनी केले नाही ते त्यांच्या नावावर लावले की, जे त्यांनी केले ते कोणी वाचेनासे होते. आणि त्यांनी केले ते कमी नाही.

१९/
राहूचे काय? भास्कराचार्य गणितज्ञ होते, पण श्रुती-स्मृती-पुराणांना मानणाऱ्या समाजात राहत होते. गोलाध्यायात त्यांनी आधी राहूच्या ग्रासाचा समज युक्तिवादाने मोडून काढला. मग शास्त्रवचनांशी विरोध नको म्हणून समेट सुचवला : ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या सावलीत शिरतो, एवढेच. असा समेट त्यांच्या आधीच्या ज्योतिर्विदांनीही केला होता. कोणी याला भित्रेपणा म्हणेल. मला त्यात शिक्षकाचे शहाणपण दिसते. राहूला सावलीत बसायला जागा दिली, पण सावली केवढी, ती कोठे पडणार, चंद्र तिच्यात केव्हा शिरणार, यांपैकी कशातही त्याला हात घालू दिला नाही.

२०/
म्हणून १२०७ची ती रात्र मला महत्त्वाची वाटते. ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ ही हाळी आपल्या आजी-आजोबांनी ऐकलेली आहे. पाटणच्या राजानेही ग्रहणात दान दिले. पण त्या दानातून शाळा चालली. श्रद्धेचा मुहूर्त आणि ज्ञानाची सोय एका रात्री एकत्र आली. आज ग्रहण आले की घरोघरी गर्भवती लेकीसुनांना उपाशी, अंधाऱ्या खोलीत बसवले जाते. आणि त्याच घरातले कोणी ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असा संदेश पुढे ढकलते. पूर्वजांना काय ठाऊक होते हे खरोखर वाचले, तर लेकीला गच्चीवर बोलावून चंद्र दाखवावा लागेल.

२१/
मठाचे पुढे काय झाले? याच घराण्याचा दुसरा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे आहे, शके ११४४चा, म्हणजे १२२२चा. तो भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती याच्या शाखेतील अनंतदेवाचा. तोही ज्योतिषी आणि टीकाकार. म्हणजे दोन पिढ्यांनंतरही या परिसरात ही विद्या जिवंत होती. पुढे १२९६ साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यादवांचे राज्य संपले. निकुंभ, पेठ, घाणे, मठ सारे काळाच्या उदरात गेले.

२२/
पण ग्रंथ उरले, कारण ते पोथ्यांतून नकलत गेले होते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने सोळाव्या शतकात लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली. अकबराच्या दरबारी फैजीने १५८७ साली लीलावती फारसीत नेली. १८१७ साली हेन्री कोलब्रूकने तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. १८६१ साली गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. ते लान्सलॉट विल्किन्सन यांनी केले आणि मूळच्या पुण्याच्या बापूदेव शास्त्रींनी ते तपासले. इमारत पडते, नेमणुका संपतात. शिकणाऱ्याने उतरवून घेतलेली पोथी मात्र पुढे चालते. चांगदेवाला नेमके हेच हवे होते.

२३/
हे सारे केवळ वाचून सोडू नका, करून पाहा. सिद्धान्तग्रंथांत १२ अंगुळे उंचीचा शंकू, म्हणजे उभी काठी, हे मूळ साधन आहे. दिवस-रात्र समान असण्याच्या सुमारास, २१ मार्चला किंवा २३ सप्टेंबरला, मध्यान्ही त्याची जी सावली पडते ती ‘पलभा’. साक्रीचे अक्षांश सुमारे २१, म्हणून येथे ती साधारण ४.६ अंगुळे भरेल. पाटण थोडे दक्षिणेला आहे, तेथे साडेचारच्या किंचित आत. गाव बदलले की सावली बदलते, कारण पृथ्वी गोल आहे. अशा दोन गावांच्या अक्षांशांतील फरक आणि त्यांतील दक्षिणोत्तर अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ काढण्याची रीत गोलाध्यायात दिली आहे.

२४/
याच साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ साली महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. सूर्य कोणत्या महिन्यात किती उंच चढतो, हा प्रश्न आमच्या माळरानावर आजही रोजच्या कामाचा आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर लगेच, साक्रीत मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी नाहीशी होते. जुलैत ढग असतात, म्हणून मे गाठावा. एक काठी, एक ओळंबा आणि सपाट अंगण एवढे साहित्य पुरे.

२५/
आणि पुढचा मोठा योग ३१ डिसेंबर २०२८च्या रात्री आहे. त्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण होईल. मध्य भारतीय वेळेनुसार रात्री सव्वादहाच्या थोडा पुढे येईल. थंडीत खानदेशचे आकाश बहुधा निरभ्र असते. नववर्षाच्या जल्लोषातून तासभर काढा. चंद्रावर चढणाऱ्या सावलीची कड नीट पाहा. ती वक्र असेल. ती आपल्याच पृथ्वीची कड. तिच्यात साक्री आहे, पाटण आहे, आणि पळीभर तेल देणारी ती जुनी पेठही आहे. कागदावर त्या कडेचे वर्तुळ पुरे करा आणि चंद्राच्या किती पट भरते ते मोजा. अडीचच्या आसपास आले, तर समजा की पाटणच्या मठातील पहिला धडा तुम्ही पुरा केला.